आप्पांचं इंजिन

शिवाजीची पिकअप बंद पडली ती नेमकी हेमराज आप्पांच्या बांधासमोर. ब्राह्मणपुरीपासून खेतियापर्यंत एवढा रस्ता पडलाय, कुठेही पडली असती तरी चाललं असतं. पण तिला तीच जागा आवडली.

होळी नुकतीच झालेली आणि मागे पपईचे क्रेट भरलेले. आधी बॉनेटखालून कटकट ऐकू आली, मग जळक्या ऑइलचा वास, मग गाडीने एक जोराचा हिसका दिला आणि ती गप्प झाली. शिवाजीने चावी फिरवली. नुसती टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. ऑइलचा लाल दिवा कितीतरी दिवस डोळ्यांसमोर जळत होता आणि हा त्याला रोज उद्यावर ढकलत होता. त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी सापडेना. बॉनेट उघडायला गेला तर तळवा भाजला.

पपईवाल्याने दुसरी गाडी बोलावली, क्रेट हलवून घेतले आणि जाताना म्हणाला, "गाडी संभायता येत नही ते धंदा काब करस, भाऊ?" शिवाजीने क्रेट उचलून देऊन वर हेही ऐकून घेतलं.

मग केळीच्या बागेतून आप्पा आले. पांढरी टोपी, डोक्यावर ओला पंचा. गावातले मोठे शेतकरी, पण रागावलेले कधी कोणी पाहिले नाहीत.

"काय व्हयनं रे, शिवा?"

"इंजिन जाम व्हई गयं, आप्पा."

"मंग उन्हमा कितला येळ उभा ऱ्हाशी? ट्रॅक्टर धाडस. बांधी ले."

तर अशी गाडी घरी आली. पुढे आप्पांचा ट्रॅक्टर, मध्ये दोर, मागे स्टिअरिंग धरून बसलेला शिवाजी. भर गावातून. पाराजवळ बसलेल्यांनी पत्ते खाली ठेवून पाहिलं. एकाने विचारलं, "कथा चालनी वरात?" शिवाजी हसला. न हसून काय करणार.

शिवाजीचा बाप चुनीलाल म्हणजे आप्पांचा जुना सालदार. आधी आप्पांच्या वडिलांकडे राहिला, ते गेल्यावर आप्पांकडे, आणि गुडघा सुजून पाय वाकेनासा झाला तेव्हा घरी बसला. साल म्हणजे आखाजी ते आखाजी, एका अक्षय तृतीयेपासून दुसरीपर्यंत. आखाजीच्या दिवशी मालकाच्या ओट्यावर चारचौघांत नारळ हातात घेतला की पुढची आखाजी येईपर्यंत माणूस त्या घरचा. पहाटे हाक आली की उठायचं, पाणी धरायचं, गुरांचं बघायचं, मालकाच्या पाहुण्याला स्टँडवर सोडायचं आणि नाही हा शब्द तोंडात आणायचा नाही. बोलणी एकट्या बाप्याची होतात, पण त्याची बायको आपोआप त्यात धरलेली असते. मालकाच्या गोठ्यातलं शेण तिने काढायचं. तिला कोणी विचारत नाही. शिवाजीची आई कमलबाई, तिने तो गोठा काढून हात असे करून घेतले होते की पीठ मळताना ते भेगांत जाऊन बसायचं.

हे सगळं शिवाजीने लहानपणी पाहिलं होतं. म्हणून बाकी काही शिकला नाही तरी गाडी शिकला. कोणाकोणाच्या गाड्या चालवत शेवटी ही जुनी पिकअप घेतली. तिचे पत्रे कुजले होते, एका दरवाजाला दोरी होती, पण आपली होती. सुनिताला बघायला गेला तेव्हा एकच गोष्ट त्याने आपणहून सांगितली होती, "मन्ही बायको दुसराना गोठामा जानार नही." सुनिता त्यावर हसली होती, आणि ते वाक्य तिने नीट जपून ठेवलं होतं. नवऱ्याच्या बाकी बोलण्याला ती फारसं मोजत नसे.

दिवस मावळायच्या सुमाराला आप्पा स्वतः घरी आले. चुनीलालने धडपडत बाजेवरची गोधडी झटकली आणि आपण खाली बसला.

"मन्ही जीप म्हाईत शे ना तुले?" आप्पा शिवाजीला म्हणाले. "तोरणमाळना घाटमा पलटी व्हयनी ती. पत्राना चुरा व्हयना, पन इंजिनले ओरखडा नही. गोठामांगे पडेल शे. लई जाय आन बसाडी दे तुन्ही गाडीमा."

"किंमत काय धरशात, आप्पा?"

"किंमत कसानी? उंदरं नळ्या खाई ऱ्हायनात तिन्या. तू घरना पोऱ्या. तुन्हा बापनी आमना घरमा जलम काढा."

"आप्पा देवमाणूस शेतस," चुनीलाल जमिनीकडे बघत म्हणाला.

आप्पा चहा न घेता गेले. सुनिता चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली.

"किंमत सांगी नही त्यासनी."

"नही."

"मंग नको ल्या."

"काब?"

"किंमत सांगी व्हती ते देवाई जाती. सांगीच नही ते देशात काय?"

"मी काय सालदार शे का?" शिवाजी चिडला. "गाडी मन्ही शे. चालावनार मी. इंजिन म्हनजे लोखंड शे, दुसरं काय शे?"

चिडला याचा अर्थ तिचं म्हणणं त्याला पटलं होतं. पण दारात मेलेली गाडी उभी असताना पटलेल्या गोष्टी करता येत नाहीत. सकाळी त्याने मेस्तरीला फोन लावला.

मेस्तरी आमशा. गाव तळोद्याच्या बाजूचं, गॅरेज शहादा रस्त्यावर. बोलायला कमी आणि बोलला की कामाबद्दल तक्रारच. तो गॅसची टाकी, साखळीची कप्पी आणि पान्यांची पेटी घेऊन आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला की हे काम करू नये. मग लगेच कामाला लागला.

अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला कप्पी बांधली. जुनं इंजिन सोडवायला अख्खा दिवस गेला. गंजलेले बोल्ट फिरेनात. आमशा पान्यावर नळी चढवायचा, शिवाजी गाडीखाली उताणा पडून दोन्ही पायांनी नळी रेटायचा. वरून काळं तेल तोंडावर गळायचं. पाना सटकून शिवाजीच्या बोटांची साल निघाली. सुनिताने हळद आणली, ती काळ्या हातावर बसेना. संध्याकाळी जुनं इंजिन साखळीला लटकलं तेव्हा गाडीचं तोंड वर उठलं आणि आत नुसतं भगदाड दिसलं.

आप्पांचं इंजिन आणायला गल्लीतले चार-सहा गडी आले. लाकडाच्या दांड्याला दोराने बांधलं, खांद्यावर घेतलं, आणि पाय टेकत, थांबत, शिव्या देत आणलं. आणलं खरं, पण बसेना. जीपचं इंजिन खाली जास्त उतरत होतं.

"चेंबर हाई आडी पट्टीले लागी ऱ्हायनं," आमशा म्हणाला. चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. "पट्टी कापनी पडी. जुना फाउंडेशनबी कापना पडतीन, जठे जुनं इंजिन बठे ते."

"मंग काप."

"आयकी ले. कापं की मंग या गाडीमा दुसरं कोनतंच इंजिन बसनार नही. हाई एकच."

शिवाजीने घराकडे पाहिलं. सुनिता उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं होतं, पण मान वर केली नाही.

"काप," शिवाजी म्हणाला.

गॅसची निळी ज्योत पट्टीला लागली. लोखंड लाल झालं, मग पांढरं, आणि टप्‌टप् खाली मातीत पडायला लागलं. पडलेले तुकडे बराच वेळ धुमसत राहिले. कोंबड्या तिकडे फिरकेनात.

मग नव्या पट्ट्या जोडल्या. मागच्या चाकाकडे जाणारा लांब दांडा आखूड करायला शहाद्याला लेथवर नेला, तो तिथे पडून राहिला. रेडिएटर पुढे सरकवला तर जाळी बसेना, जाळी कापली. आमशाला मजुरी म्हणून जुनं इंजिन दिलं. त्याने ते तिथेच खोललं, कामाचे भाग गोणीत भरले आणि उरलेलं भंगारात घातलं.

या सगळ्या दिवसांत शिवाजी रिकामा होता असं आप्पांना वाटलं. पहाटे त्यांचा माणूस दाराशी यायचा. "आप्पा म्हनतस, गाडी उभी शे तवलोंग केयीले पानी धरी दे." इंजिन दिलेल्या माणसाला पाण्याला नाही कसं म्हणायचं. शिवाजी जायचा. मग पाण्याबरोबर खत आलं, खताबरोबर केळीच्या बुंध्याला फुटलेली पिलं कापणं आलं. केळीचा डाग अंगावरून जात नाही, त्याचे सदरे काळे पडत गेले. एकदा आप्पांच्या सुनेने चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. बापाचा कप. शिवाजीने चहा घेतला. गरम होता, कान नसल्यामुळे बोटं पोळली.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी मात्र सगळं विसरायला झालं, हे कबूल करायला हवं. पहिल्या हिसक्याला काळा धूर सुटला, सगळं अंगण भरलं, आणि मग ते असं घुमू लागलं की घरातली भांडी किणकिणली. जुनं खोकायचं, हे घुमत होतं. चुनीलाल काठी टेकत आला आणि पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. हाताला थरथर लागत होती, त्याला ती आवडली. सुनितासुद्धा हसली. शिवाजीने तिला पुढे बसवून गावाबाहेर चक्कर मारली.

"आखाजीले प्रकाशाले जाऊत," तो म्हणाला. प्रकाशा तिचं माहेर. "याच गाडीमा."

"खरं?"

"ते काय. गाडी कोनी शे?"

गाडी कोणाची हे पुढच्याच खेपेला कळलं. भाडं आप्पांचंच होतं, केळीचं. मध्य प्रदेशच्या हद्दीजवळच्या नाक्यावर तपासणीवाले उभे होते. एकाने बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारून नंबर पाहिला, कागद पाहिला, पुन्हा नंबर पाहिला.

"हे इंजिन या गाडीचं नाही. कोणाचं आहे?"

"माझंच, साहेब."

"मग कागदावर का नाही? गाडी बाजूला घे."

गाडी बाजूला लागली. ऊन चढत गेलं. कापलेला माल मागे तापत होता. शिवाजीने बराच वेळ तग धरला. शेवटी आप्पांना फोन केला आणि तो साहेबाच्या हातात दिला. आप्पा काय बोलले ते ऐकू आलं नाही. साहेब हसले, फोन परत दिला.

"आप्पांचा ड्रायव्हर आहेस हे आधी सांगायचं ना. उगाच उन्हात बसलास."

शिवाजीने गाडी सुरू केली. ड्रायव्हर नाही असं म्हणायला तोंडाशी आलं होतं, पण ते म्हटलं असतं तर गाडी तिथेच राहिली असती. ते त्याने गिळलं आणि खेतियापर्यंत त्याची चव तोंडात राहिली.

परत आल्यावर तो आप्पांकडे गेला. म्हणाला, नंदुरबारच्या ऑफिसात चला, इंजिन माझ्या नावावर चढवून घेऊ, तुमची सही लागते.

"जाऊत ना," आप्पा म्हणाले. "केयी निंघू दे. आते कोठे येळ शे?"

त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. तेच वाईट होतं. केळी निघत होती, एक बाग संपली की दुसरी. पपईवाल्याचा फोन आला तर शिवाजीला सांगावं लागलं की आज आप्पांचा माल आहे. पुन्हा आला, पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने फोन करणं सोडलं. आणि दुसऱ्या कोणाचा माल घेऊन नाक्यावर अडकला असता तर फोन करायचा कोणाला, हेही होतंच. गावातले लोक आता गाडी दिसली की म्हणायचे, आप्पांची गाडी आली. मुद्दाम नव्हे. त्यांना सोपं पडत होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सुनिताने पिशवी भरली. भावाचा फोन आला होता, माहेरवाशिणींसाठी झोके बांधलेत म्हणून. दुपारी आप्पांचा माणूस आला. माल तयार आहे, आज नाही गेला तर पिकेल. शिवाजी उंबऱ्यात उभा राहिला. त्याने भरलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"जा तुमी," सुनिता म्हणाली. "परवा जाऊत." आणि तिने पिशवी खुंटीला लावली.

आखाजीला घरात पितरांची घागर भरली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, चुलीतल्या विस्तवावर पितरांच्या नावाने तूप-घासाची आगारी टाकली. घरभर तुपाचा धूर झाला. चुनीलालने अंघोळ करून धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि काठी घेतली.

"कथा जास, बा?" शिवाजीने विचारलं.

"आप्पानी बलायं. सोता नाव लिसन बलायं," म्हातारा म्हणाला आणि गेला.

शिवाजीला वाटलं, जेवायला बोलावलं असेल. सणाचं बोलावतात. म्हातारा गुडघ्यामुळे घरी बसला तेव्हापासून दर आखाजीला आप्पांच्या ओट्याच्या कडेला जाऊन बसायचा, दुसऱ्यांना नारळ घेताना बघायचा आणि परत यायचा. त्याला कोणी ये म्हणत नव्हतं आणि जा म्हणत नव्हतं. आज नाव घेऊन बोलावलं होतं.

तो परत आला तेव्हा पानं वाढलेली होती. त्याच्या हातात नारळ होता. दुसऱ्या हातात नवा सदरा-पायजमा, घडी घातलेला, शिवाजीच्या मापाचा. चेहरा इतका खूश की कमलबाईसुद्धा क्षणभर हसली, आणि मग तिने नारळाकडे पाहिलं.

"कसाना नारय शे?" शिवाजीने विचारलं.

"तुन्हा. आप्पा म्हनेत, शिवा आपलाच शे, गाडीबी आपलीच शे, त्याना नारय तूच ले. समदा गाव बठेल व्हता. मी लिधा." म्हातारा पाटावर बसायला लागला. "सालभरनी चिंता मिटनी."

"मले इचारं का?"

"त्यामा काय इचारनं? तू रोज जासच ना तठे."

शिवाजी उठला. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला होता. बापाला मारावंसं वाटलं, पण त्याचा धुतलेला सदरा आणि सरळ लावलेली टोपी बघून हात उठेना. त्याने नारळ उचलला, कपडे उचलले आणि तो आप्पांच्या वाड्यावर गेला.

आप्पा जेवून ओट्यावर आडवे झाले होते. सूप घेऊन बसलेल्या आप्पांच्या बायकोने, धनुबाईने, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आप्पा, बाले समजनं नही. मी साल नही धरस."

आप्पा उठून बसले. रागावले नाहीत.

"नको धरू ना. मी काय बांधी ठेयेल शे तुले? तुन्हं मन नही ते नही." त्यांनी नारळाला हातही लावला नाही. "नारय ऱ्हाऊ दे, घरमा फोडी खा. इंजिन तेवढं उतारी ठेव. गोठामांगे, जठे व्हतं तठेच."

"उतारस," शिवाजी म्हणाला.

"सावकाश उतार. घाई नही."

तो नारळ-कपडे तसेच घेऊन घरी आला आणि भर दुपारी, सगळं गाव जेवून लोळत असताना, त्याने पेटी काढली. रेडिएटरचं पाणी सोडलं. नळ्या काढल्या, तारा काढल्या, त्यांना दोऱ्याचे तुकडे बांधून ठेवले. गिअरबॉक्सचे बोल्ट सोडले. मग खाली शिरून फाउंडेशनचे बोल्ट काढले. नवे होते, सहज निघाले. काढताना त्याला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी असं बरं वाटत होतं, हात आपोआप चालत होते. सगळे बोल्ट वाटीत जमले आणि इंजिन नुसतं आपल्या वजनावर बसून राहिलं.

आता उचलायचं. कप्पी नव्हती. आमशाला फोन केला.

"आप्पानं इंजिन?" आमशा म्हणाला. "त्यासले इचारं का?"

"त्यासनीच सांगं, उतार म्हनीसन."

"मंग त्यासले मले सांगू दे. मन्हं गॅरेज त्यासनी जागामा शे, भाऊ." मग तोच पुढे म्हणाला, "आन उतारीसन करशी काय? जुनं तं मी कव्हयच ईकी टाकं."

शिवाजीने गल्लीत जाऊन गड्यांना हाक दिली. ज्यांनी खांद्यावर आणलं होतं त्यांनाच. लिंबाखाली पत्ते रंगले होते. दोघं उठून आले, गाडीत डोकावले, वाटीतले बोल्ट पाहिले.

"आप्पानं शे बाबा," एक जण म्हणाला. "आज सननं दिन कशाले?" आणि ते परत जाऊन बसले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. सगळ्यांची केळीची मजुरी त्याच बागेत होती.

मग तो एकट्यानेच लागला. दांडा घातला, दगड लावला, रेटला. इंजिन एका बाजूने बोटभर उठलं आणि परत बसलं. पुन्हा रेटलं. दांडा सटकून छातीवर आला आणि तो खाली बसला. सुनिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो प्यायला नाही, तसाच त्या उघड्या गाडीकडे बघत राहिला. आत कापलेल्या पट्ट्यांच्या काळ्या कडा दिसत होत्या. इंजिन उतरलंच तर हे असं दिसणार. मग हे घेऊन कुठे जायचं.

"ऱ्हाऊ द्या," सुनिता म्हणाली.

"उद्या प्रकाशाले..." तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. तेलकट हातांनी तोंड पुसलं, तोंड काळं झालं.

सुनिताने तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला केळी कापणाऱ्या मजुरांचा ट्रॅक्टर गल्लीतून गेला. त्यातून कोणीतरी ओरडलं, "शिवा, केयी कापाई ऱ्हायनी, गाडी लई ये." नेहमीच्या आवाजात. जसं काल काही झालंच नव्हतं. गावाच्या लेखी झालंही नव्हतं. नारळ घेतलेला सगळ्यांनी पाहिला होता, परत द्यायला गेलेला शिवाजी कोणी पाहिला नव्हता, आणि नारळ घरातच होता.

शिवाजी बाजेवरून उठला. गाडीपाशी गेला. मग वाटी उचलली, पाना घेतला आणि पाठीवर सरकत गाडीखाली शिरला. जमीन रात्रीची गार होती. चाचपडत त्याने पहिला बोल्ट भोकात घातला. आटे जुळले.

तिथून अंगण दिसत होतं, पण घोट्यांइतकंच. चुलीकडून आईच्या भेगाळलेल्या टाचा आल्या आणि दारापाशी थांबल्या. मग सुनिताचे पाय आले. आखाजीची मेंदी होती, पैंजण नव्हते. साडी वर खोचलेली.

"हाई पाटी नको लेऊ, फुटेल शे. ती ले," आई म्हणाली.

"बरं."

"आन दारपाशीन सुरू नको करू. मांगथून काढत ये. नही ते पाय शेनमाच ऱ्हातस."

"बरं."

"म्हशी नव्या शेतस. मले त्यासना सभाव म्हाईत नही. जपीसन."

दुसरी पाटी उचलल्याचा आवाज आला. पाय वळले. पिकअपच्या पुढच्या चाकाजवळ आले, तिथे जरा रेंगाळले, इतके जवळ की हात लांब केला असता तर बोटांना लागले असते. शिवाजीने हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारून थांब म्हणायचं, तर कशाच्या जोरावर. पाय निघाले, अंगण ओलांडून वाड्याच्या वाटेला लागले आणि दिसेनासे झाले.

त्याने पान्याला जोर लावला. बोल्ट आवळत गेला, घट्ट बसला. आमशाने आवळला होता त्याच्याही पुढे त्याने तो थोडा फिरवला, आणि दुसऱ्या बोल्टकडे सरकला.